‘सीआयडी’ मुळातच हास्यास्पद होती, या मताला उत्तर

शिवडीकर:
गेल्या आठवड्यात येथील एका सदस्यांनी लिहिले की ‘सीआयडी’ ही हिंदी पोलीस तपासमालिका पहिल्या दिवसापासून हास्यास्पदच होती, आपण तेव्हा लहान होतो म्हणून ती आवडली, आणि आज तिच्या घसरणीबद्दल गळे काढणारे लोक खरे तर स्वतःच्या बालपणासाठी रडत आहेत. त्या लेखनाला मिळालेली वाहवा पाहून हे उत्तर लिहिणे भाग पडले. मालिका सुरू झाली तेव्हा मी नोकरीला लागलेला होतो, त्यामुळे बालपणाचा मुद्दा निदान माझ्यापुरता तरी निकालात निघतो.

जानेवारी १९९८ मध्ये मालिका आली तेव्हा तिचे निर्माते बी. पी. सिंग हे नाव आमच्या पिढीला नवे नव्हते. मुंबई दूरदर्शनवरील त्यांची ‘एक शून्य शून्य’ आम्ही पाहिलेली होती, आणि ‘सीआयडी’तील पथकाचे प्रमुख एसीपी प्रद्युम्न साकारणारे शिवाजी साटम हे तिच्यातूनच पोलिसाच्या भूमिकेत परिचयाचे झाले होते. त्या मराठी मालिकेतील संथ, कोरडी तपासपद्धती सुरुवातीच्या ‘सीआयडी’त उतरली होती. एकेक प्रकरण दोन किंवा अधिक भागांत चालत असे, त्यामुळे संशयितांना बोलायला आणि आपल्याला त्यांच्या बोलण्यातील विसंगती टिपायला वेळ मिळे. एखादा साक्षीदार पहिल्या भागात जे सांगून गेलेला असे, तेच दुसऱ्या भागात त्याच्या अंगाशी येई, आणि ते आपल्यालाही आठवावे अशी लेखकाची अपेक्षा असे.

पुढे हा व्यवहारच मोडला. खुनी कोण हे कळण्यासाठी लागणारा दुवा प्रेक्षकासमोर ठेवायचाच नाही, आणि शेवटच्या दहा मिनिटांत एखादी जुळी बहीण किंवा परदेशातून परतलेला भागीदार उभा करायचा, असे सर्रास होऊ लागले. दरवाजा फोडणे हा एखाद्या प्रसंगाचा भाग न राहता प्रसंगच त्या दरवाजासाठी रचले जाऊ लागले. ‘कुछ तो गडबड है’ हे प्रद्युम्न यांचे वाक्य लोकांच्या विनोदाचा विषय झाले तेव्हा लेखकांनी सावध व्हायला हवे होते. उलट त्यांनी तो विनोदच संहितेत घेतला. याच मंडळींनी २००४ मध्ये १११ मिनिटांचा अख्खा भाग एकाही ठिकाणी न तोडता सलग चित्रित केला होता आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली होती. ज्यांच्या अंगी ही धमक होती, त्यांच्याविषयी ‘हे पहिल्यापासून असेच’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अनुस्वार:
ते सदस्य म्हणजे मीच, त्यामुळे उत्तर देणे माझे कर्तव्य ठरते. आपण ज्याला संथ, कोरडी पद्धती म्हणता, ती अपुऱ्या खर्चाची आणि अपुऱ्या वेळेची पद्धती होती, एवढेच मी म्हणेन. परीक्षानळीत दोन थेंब टाकायचे, रंग बदलला की विषाचे नाव सांगायचे, हे मालिकेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे काही उत्तरकाळात शिकले नाहीत.

दुसरे असे की आकडे पाहावेत. जानेवारी १९९८ ते ऑक्टोबर २०१८ या काळात आठवडे भरतात सुमारे १,०८०, आणि भाग झाले १,५४७. म्हणजे आठवड्याला एक या गतीने भागणारे नव्हते. वाहिनीने दिवस वाढवले आणि लेखकांनी खून वाढवले. याउलट दूरदर्शनच्या ‘ब्योमकेश बक्षी’चे सगळे सांगतात, पण १९९३ साली बासू चटर्जींच्या हाती शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या तयार कथा होत्या आणि त्या संपल्यावर थांबायची मोकळीक होती. दीड हजार भाग लिहून कोणीही दर्जा टिकवून दाखवावा, मी माझे मत जाहीरपणे मागे घेईन.

जर्सीतली काकू:
दीड हजारांचा बाऊ नको. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि आमच्या माहेरी त्या फाटेपर्यंत वाचल्या गेल्या. संख्या ही सबब होऊ शकत नाही.

माझ्या सासूबाई येथे येऊन राहिल्यापासून आमच्या घरी ही मालिका अखंड चालू असे. माझ्या मुलांना जे काही हिंदी येते ते प्रद्युम्न यांच्या पथकातील अभिजीत आणि दया यांच्याकडून आलेले आहे, त्यामुळे त्यांना भाजी मागता येत नाही, पण ‘लाश’ आणि ‘सबूत’ हे शब्द अस्खलित येतात. सुरुवातीला सासूबाई शेवटपर्यंत चुकीच्या माणसावर संशय घेत. नंतर नंतर त्या पहिल्या जाहिरातीच्या आधीच खुनी सांगू लागल्या. त्यांची रीत सोपी होती: पाहुण्या कलाकारांत ज्याचा चेहरा सर्वांत ओळखीचा, तोच खुनी. त्या एकदाही चुकल्याचे मला स्मरत नाही. याला घसरण म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

अनुस्वार:
एक सदस्य म्हणतात की खुनी शेवटच्या दहा मिनिटांत उगवत असे, दुसऱ्या म्हणतात की तो पहिल्या जाहिरातीच्या आधीच ओळखू येई. या दोन्ही तक्रारी एकाच मालिकेबद्दल आहेत ना, एवढे कृपया निश्चित करून घ्यावे. अर्नाळकरांविषयी आदर राखून सांगतो, त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांचे वेषांतर तरी दर वेळी वेगळे असे काय?

ठाणे अंमलदार:
मूळ प्रश्नच कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात सीआयडीचे, म्हणजे गुन्हे अन्वेषण विभागाचे, मुख्यालय पुण्यात आहे. मुंबईत खून झाला तर तपास स्थानिक पोलीस ठाणे करते, प्रकरण मोठे असेल तर शहराची गुन्हे शाखा करते. वीस वर्षे एका मालिकेने मुंबईतील प्रत्येक मृतदेहावर सीआयडीचे पथक पाठवले आणि गुन्हे शाखेत उभे आयुष्य घालवलेल्या माणसांना घरच्या लग्नकार्यात ‘तुम्ही प्रद्युम्नच्या हाताखाली का?’ असे ऐकावे लागले. माझे वडील त्यांपैकी एक होते. ते घटनास्थळी गेले की आधी पंच, म्हणजे पंचनाम्यावर सही करणारे त्रयस्थ साक्षीदार, शोधावे लागत. रात्री दोन वाजता कोणी पंच व्हायला तयार होत नसे, कारण पुढे न्यायालयात खेटे घालावे लागतात हे सर्वांना ठाऊक असते. या मालिकेत पंच कधी पाहिले आहेत का? पंचनामा लिहिताना कोणी दिसले आहे का?

आणि शेवटी थप्पड, मग कबुली, मग ‘फाँसी’. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. या हिशेबाने एसीपी प्रद्युम्न यांचे निम्म्याहून अधिक आरोपी पहिल्याच सुनावणीत सुटले असतील.

रात्रपाळी:
अंमलदारांशी पूर्ण सहमत, आणि मला तर याहून अधिक बोलायचे आहे. मी एका सरकारी रुग्णालयाच्या शवविच्छेदन विभागात कारकुनी केली आहे. विच्छेदन करणारे डॉक्टर वेगळे असतात आणि व्हिसेरा, म्हणजे मृताच्या अंतर्गत अवयवांचा नमुना, तपासणारे रसायनतज्ज्ञ वेगळे. मुंबईत तो कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. गोळी आणि बंदूक यांचा मेळ पाहणारा विभाग आणखी वेगळा. मालिकेत हे सगळे एकट्या साळुंखे साहेबांनी एकाच टेबलावर केले. परिणाम असा की नातेवाईक खिडकीशी येऊन ‘अहवाल संध्याकाळपर्यंत मिळेल ना?’ असे विचारत, आणि काही महिने लागतील असे सांगितले की आम्ही पैसे मागत आहोत असा त्यांचा समज होई. एका गृहस्थांनी मला सरळ ऐकवले की टीव्हीवर तर दहा मिनिटांत सांगतात. ती मालिका कोणाला आवडायची असेल तर आवडो; तिच्यामुळे खाल्लेल्या शिव्या मी विसरणार नाही.

शिवडीकर:
आपला त्रास खरा आहे, परंतु रहस्यमालिका हा पोलीस प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम नव्हे. पंच दाखवले नाहीत म्हणून मालिका घसरली असे म्हणायचे तर ती पहिल्याच भागात घसरलेली होती, आणि मग अनुस्वार यांचे म्हणणे सिद्ध होईल. त्यांना हे फुकटचे साहाय्य करण्याची माझी इच्छा नाही.

कबुलीचा मुद्दा मात्र मी उचलून धरतो, वेगळ्या कारणासाठी. पूर्वी कबुली ही तर्काच्या शेवटी येई. प्रद्युम्न एकेक दुवा मांडत, समोरच्याची पळवाट एकेक करून बंद होई, आणि कबुली हा केवळ पूर्णविराम असे. नंतर तर्क गाळला गेला आणि दयाची थप्पड तेवढी उरली. न्यायालयात ती कबुली टिकेल की नाही हे कायदेपंडितांनी पाहावे. ती कथेतच टिकत नव्हती.

अनुस्वार:
म्हणजे आता थप्पडही आधीच्या काळात अधिक तर्कशुद्ध होती! आपण स्मरणातील मालिकेची तुलना पडद्यावरील मालिकेशी करत आहात. जुने भाग आजही पाहायला मिळतात. एखादे प्रकरण सलग बसून पाहावे, मग बोलावे.

शिवडीकर:
पाहिले आहेत, आपल्यापेक्षा बहुधा अधिक. ‘पाहून या’ हे उत्तर नव्हे, उर्मटपणा आहे.

जर्सीतली काकू:
दोघांनीही पाणी प्या. घसरण कोठे झाली हे पाहायला १९९८ पर्यंत जायचीही गरज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका परत आली तेव्हा आम्ही सगळे कौतुकाने बसलो. दिनेश फडणीस २०२३ मध्ये गेल्यामुळे त्यांनी साकारलेल्या फ्रेडरिक्सची जागा रिकामी होती, ते मनाला लागलेच. पण बाकीची मंडळी तीच होती. मग एप्रिल २०२५ मध्ये प्रद्युम्न यांना बॉम्बस्फोटात मारले, वाहिनीने समाजमाध्यमांवर रीतसर श्रद्धांजली वाहिली, त्यांच्या जागी तरुण एसीपी आणला, लोक खवळले, आणि काही आठवड्यांत प्रद्युम्न जिवंत परतले. प्रद्युम्न गेले त्या दिवशी सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला होता. ते परतल्याचे पाहून सासूबाईंना आनंद झाला नाही, फसवल्यासारखे वाटले. ज्या माणसाने पूर्वी स्वतःच्या गुन्हेगार मुलावर गोळी झाडली आणि तो प्रसंग मालिकेने पुढे वर्षानुवर्षे त्याच्या मनात जिवंत ठेवला, त्याचाच मृत्यू ही जाहिरातीची युक्ती व्हावी?

अनुस्वार:
एप्रिल २०२५ मधील तो प्रकार लाजिरवाणा होता, हे मान्य करतो. माझे म्हणणे मूळ मालिकेबद्दल होते, या पुनरागमनाबद्दल नव्हते. शिवडीकरांना यात विजय वाटत असेल तर त्यांनी खुशाल मानावा. बहुभागी प्रकरणे बरी होती, इतके मी त्यात भर म्हणून देतो. ‘बरी’. त्याहून अधिक नाही.

ठाणे अंमलदार:
पुनरागमनाचा विषय निघालाच आहे तर नोंदवतो. १ जुलै २०२४ पासून गुन्ह्यांच्या तपासाची रीत ठरवणारी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन नमुने गोळा करावेत, अशी तरतूद कलम १७६ मध्ये आली आहे; राज्यांना ती पाच वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही करायचे आहे. साळुंखे साहेब घटनास्थळी हजर असतात यावर मी वर्षानुवर्षे हसलो, त्याला आता कायद्याचा आधार मिळाला. नव्या हंगामाच्या लेखकांना यातून किती प्रसंग सुचायला हवे होते! चित्रीकरण बंद पडले, तज्ज्ञ पोहोचायच्या आत कोणी वस्तू हलवली, पंच फितूर झाला. त्यांनी त्याऐवजी बॉम्ब घेतला.

रात्रपाळी:
तज्ज्ञ घटनास्थळी जातील, पण प्रयोगशाळेतील रिकाम्या जागा कोण भरणार? त्यावर एक भाग काढून दाखवावा.

शिवडीकर:
अंमलदार, फितूर पंचाची कथा दोन भागांत उत्तम बसेल. पहिल्या भागाच्या शेवटी पंचाने सही नाकारावी.

ठाणे अंमलदार:
सही नाकारत नाहीत हो, सही करतात आणि न्यायालयात ‘माझ्यासमोर काहीच घडले नाही’ म्हणतात. निदान एवढे तरी नीट दाखवा.