मदत हवी आहे: मूसा-खिज्रच्या गोष्टीवर वर्गात चर्चा घेताना कुठे थांबायचं?

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावरच्या आमच्या गावात मी मकतबच्या (मुलांना कुरआन आणि दीन शिकवणाऱ्या वर्गाच्या) मोठ्या मुलांचा रविवारचा वर्ग घेते. १२ ते १४ वयाची १६ मुलं. पाठांतर चोख, पण अर्थ विचारला की माना खाली. म्हणून तत्त्वज्ञ मॅथ्यू लिपमन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत रुजवलेली पद्धत वापरायला लागले: गोलात बसायचं, उतारा वाचायचा, प्रश्न मुलांनीच काढायचे.

गेल्या रविवारी कुरआनच्या सूरह कहफ या अध्यायातली गोष्ट (आयत म्हणजे वचन ६० ते ८२) घेतली. पैगंबर मूसा हे अल्लाहने खास ज्ञान दिलेल्या खिज्र यांच्यासोबत प्रवासाला निघतात; अट अशी की खिज्र स्वतः सांगेपर्यंत काही विचारायचं नाही. खिज्र होडीला भोक पाडतात, तिथेच वाचन थांबवलं. ज्याचे वडील मासेमारीला जातात तो मुलगा ताडकन बोलला, "फळी उचकटली म्हणजे कमाई बुडाली. आधी त्यांना विचारायला नको?" शेजारची म्हणाली, "विचारलं असतं तर पाडू दिलं असतं का?" मग ७९ वी आयत वाचली. पुढे एक राजा होड्या बळजबरीने हिसकावत होता. मुलगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे भोकामुळेच होडी वाचली. पण हे त्यांना कुणी सांगितलं का?" आयतीत उलगडा फक्त मूसांना होतो. मला इतका आनंद झाला की उत्तर द्यायचं सुचलंच नाही.

आता पुढचा प्रसंग खिज्र एका मुलाला ठार मारतात तो, आणि त्याचा उलगडाही पुढे आई-वडिलांच्या भल्यासाठी असाच होतो. इथे माझं पाऊल अडलंय. वर्गातल्या एका मुलीचा धाकटा भाऊ गेल्या वर्षी तापाने गेला. "यात काहीतरी भलं असेल" असं कुणी तिच्यासमोर बोललं तर?

दुसरी अडचण. "हे मी माझ्या मनाने केलं नाही" असं खिज्र शेवटी, ८२ व्या आयतीत सांगतात. म्हणजे ते अल्लाहच्या हुकमाने केलं, म्हणून त्यांचं अनुकरण कुणालाच करता येत नाही. हे आधीच सांगितलं तर चर्चा मिटते, शेवटी सांगायचं ठेवलं तर एखादं मूल भलतंच घेऊन घरी जाईल. आमच्या मौलानांचा पाठिंबा आहे, त्यांची अट एकच: मुलं गोंधळून घरी जाऊ नयेत. अट मला रास्त वाटते. पण न विचारण्याचं वचन देऊनही मूसांनी तीनदा विचारलं आणि कुरआनने ते तिन्ही प्रश्न जपले. त्यामुळे प्रश्न दाबायला मन तयार होत नाही.

वर्गात हा प्रसंग कुणी घेतलाय का? ८२ वी आयत कधी वाचलीत? त्या मुलीशी आधी एकटीशी बोलू, की तिच्या आईशी? येत्या रविवारच्या आत कळवलंत तर फार मदत होईल.