मदत हवी आहे: फेडरल कोर्टाचं ज्युरी समन्स आलंय

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. गेल्या वर्षी सिटिझनशिप झाली, मतदार यादीत नाव घातलं आणि परवा नेवार्कच्या फेडरल (केंद्रीय) डिस्ट्रिक्ट कोर्टाचं ज्युरी समन्स, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या नागरिकांत बसायचं बोलावणं, आलं. टाळायचं कसं, हे विचारत नाहीये. मला जायचंच आहे. पण कोणाला तुरुंगात पाठवायचं हे आपल्या मतावर ठरणार असेल, तर सगळं नीट समजून घेऊन बसावं असं वाटतं. भारतात ज्युरी म्हटलं की नानावटी खटल्यापुढे माहिती जात नाही, त्यामुळे घरी विचारायला कोणी नाही.

ओळखीतले बरेच जण काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कोर्टात जाऊन आलेत. फेडरलमध्ये वेगळं काय असतं? समन्सवर पेटिट ज्युरी लिहिलंय, मग ग्रँड ज्युरी कोणती? आमचा निकाल वरच्या कोर्टाने फिरवला तर? आणि नोकरीचं काय? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी तुमच्या मनावरचं ओझं थोडं कमी करतो. आरोपी दोषी की निर्दोष, एवढंच ज्युरी ठरवते. शिक्षा किती द्यायची ते नंतर जज ठरवतात. मृत्युदंडाचे खटले तेवढे याला अपवाद.

काउंटीत राज्याच्या कायद्याचे खटले चालतात: चोरी, मारामारी, घटस्फोट वगैरे. फेडरलकडे येतात ते केंद्राच्या कायद्याचे किंवा घटनेचे प्रश्न, अमेरिकन सरकार पक्षकार असलेले दावे, आणि दोन वेगळ्या राज्यांतल्या लोकांमधले ७५,००० डॉलरच्या वरचे वाद.

ग्रँड ज्युरी १६ ते २३ जणांची असते. खटला भरण्याइतपत पुरावा आहे का, एवढंच ती बंद दाराआड बघते. १२ जणांचं मत पडलं की इन्डाइटमेंट, म्हणजे आरोपपत्र निघतं. तुमची पेटिट ज्युरी प्रत्यक्ष खटल्याची. फौजदारी असेल तर १२ जण आणि निकाल एकमताने. दिवाणीत ६ जणांवरही भागतं.

मी स्वतः एकदा जाऊन आलोय. पहिला टप्पा निवडीचा, त्याला व्हॉर डायर म्हणतात. जज विचारतात: घरात कोणी पोलिसात आहे का, कोणी गुन्ह्याला बळी पडलंय का, दोन्हीकडचा वकील ओळखीचा आहे का. खरं ते सांगायचं. मोठ्या फौजदारी खटल्यात कारण न देता बचाव पक्ष १० आणि सरकार ६ जणांना वगळू शकतं. तुम्हाला वगळलं तर मनाला लावून घेऊ नका.

नोकरी कायमस्वरूपी असेल तर ज्युरी ड्यूटीमुळे काढता येत नाही, तसा फेडरल कायदाच आहे. पगार द्यायलाच हवा असं मात्र नाही, तेव्हा एचआरला आजच विचारा. कोर्ट दिवसाला ५० डॉलर आणि प्रवासखर्च देतं.

प्रतिसाद २

निकाल फिरवण्याबद्दल. निर्दोष म्हणालात तर विषय तिथेच संपला, सरकारला त्यावर अपील नाही. दोषी ठरवलंत तर आरोपी फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किटकडे, म्हणजे वरच्या अपील कोर्टाकडे, जाऊ शकतो. तिथे ज्युरी नाही, साक्षीदार नाहीत. सहसा तीन जज नोंदी आणि युक्तिवाद तपासतात, आणि खालच्या कोर्टात कायद्याची चूक झाली का, हे मुख्यतः बघतात. त्याच्यावर सुप्रीम कोर्ट, पण तिथे नऊपैकी चार न्यायमूर्तींना प्रकरण ऐकावंसं वाटलं तरच सुनावणी होते. साक्षीदाराच्या समोर बसून तो खरं बोलतोय का हे जोखण्याचं काम तुमचंच, म्हणून तुमच्या मताला एवढं वजन आहे.

एक महत्त्वाचं: 'ज्युरीला आला नाहीत, दंड भरा' असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. कोर्ट फोनवर पैसे किंवा कार्ड नंबर कधीच मागत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! समन्ससोबत आलेली प्रश्नावली आजच भरते. आणखी एक: माझ्या उच्चारांमुळे किंवा कायद्याच्या इंग्रजीमुळे अडचण येईल का? कोणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.