पोटुशी बाई खर्रा खात असेल तर मातृवंदनाचे पैसे थांबवावे का?

मेडिकलवाला_नागपूर
बरेच दिवस डोक्यात होतं म्हणून लिहून राहिलो, पटलं नाही तर सांगा. माझं मानेवाडा रोडला मेडिकल आहे अन् शेजारी पानठेला. आयर्नच्या गोळ्या माझ्याकडून घ्यायच्या अन् त्याच पायी शेजारून खर्र्याची पन्नी घेऊन निघायचं, अशा पोटुशी बाया नेहमी दिसतात. सरकार मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० देते, दुसरी मुलगी झाली तर ६०००, कशासाठी तर आईनं नीट खावं म्हणून, अन् ती खाते काय तर सुपारी, तंबाखू, चुना. माझं म्हणणं सरळ आहे, तंबाखू खाताना सापडली तर हप्ता थांबवा, सोडली की द्या. समजावून झालं, पोस्टर लावून झाले, आता खिशाला लागल्याशिवाय काही होत नाही.

धरमपेठकर
१०० टक्के सहमत. लोकांना वाटते तंबाखूचं नुकसान फक्त सिगरेटनं होते. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलला मुंबईच्या १२१७ गरोदर बायांचा अभ्यास छापून आला होता. मिश्री वगैरे वापरणाऱ्या बायांच्या बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं आणि बाळंतपण साधारण सहा दिवस आधी. ३२ आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचा धोका तर जवळपास पाचपट. हे आपल्याच राज्यातलं आहे, परदेशातलं नाही.

पोट्टा_महालचा
१०५ ग्रॅम म्हणजे किती बे, फुटाण्याची पुडी. माही आजी जन्मभर नस (तपकीर) ओढायची, आठ लेकरं झाले, सगळे धडधाकट. उगाच भेव दाखवून राहिले.

सिस्टर_नाईट_ड्युटी
महालच्या भाऊ, आठ जगले ते दिसतात, गेले किती ते आजीला कधी विचारलं का? विचारून पहा, बहुतेक घरात उत्तर निघते.
आणि १०५ ग्रॅम ही सरासरी आहे. आधीच अंगात रक्त नाही अशा बाईचं बाळ अडीच किलोच्या काठावरच असते, तिथून शंभर ग्रॅम गेले की ते कमी वजनाचं बाळ होते, मग ऊब द्या, दूध ओढत नाही, साखर उतरते, सगळं सुरू. निकोटीननं रक्ताच्या नळ्या आवळतात, वारेकडे जाणारं रक्त कमी होते आणि निकोटीन वारेतून बाळापर्यंत पोचतेच. खर्रा तर दाढेत दाबून तास-तासभर ठेवतात, म्हणजे बाळाला थोडं थोडं चालूच. "बीडी नाही ओढत ना मी, खर्राच खाते" हे मी लेबर रूममध्ये इतक्यांदा ऐकलं आहे की आता राग पण येत नाही.
पण पैसे थांबवायला माझा विरोध आहे, सविस्तर नंतर लिहिते, ड्युटीवर आहे.

वाठोड्याची_आशाताई
भाऊ, सापडली म्हणजे कोण शोधणार? आम्हीच ना? मी घरी जाते तेव्हा बाई मला खरं सांगते कारण मी ते सासूलाही सांगत नाही अन् वर पण कुणाला नाही. उद्या माझ्या एका टिकमार्कनं तिचे पैसे अडले तर पुढच्या महिन्यात ती म्हणेल सोडला ताई, अन् मी काय तिच्या तोंडात बोट घालून पाहू? अन् जास्त चिडली तर तपासणीलेच येणार नाही. मग खर्रा तर राहतेच, वर बीपी वाढलं तेही कळत नाही, रक्त सातवर आलं तेही कळत नाही. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवून घ्यायला आम्ही किती चपला झिजवतो ते आम्हालाच माहीत.

अजनीवाला
अमेरिकेत हे झालं आहे. टेनेसी राज्यानं २०१४ ला कायदा केला, गरोदरपणात नशा केली अन् बाळाला त्रास झाला तर आईवर केस. बाया भिऊन तपासणी टाळून राहिल्या अशी ओरड झाली, २०१६ ला मुदत संपली तेव्हा पुढे वाढवलाच नाही. त्याआधी २००१ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं दवाखान्याला झापलं होतं, गरोदर बायांची लघवी न विचारता तपासून पोलिसांना कळवत होते म्हणून.

मेडिकलवाला_नागपूर
अजनीवाले भाऊ, तिथं अफूच्या जातीची नशा, इथं खर्रा, अन् मी जेलमध्ये टाका कुठं म्हटलं? फक्त हप्ता. करदात्याचे पैसे आहेत, अट असायलाच पाहिजे. लसीची अट आहेच ना.

सिस्टर_नाईट_ड्युटी
लस टोचायला दोन मिनिटं लागतात, तंबाखू सुटायला महिने. तुमच्या दुकानात निकोटीनचा च्युइंगगम असेल, तो पोटुशीला डॉक्टरला न विचारता देता येत नाही, म्हणजे तिच्याकडे राहते काय तर मनाचा जोर, तोही पाचव्या महिन्यात कंबर दुखत असताना. बऱ्याच जणी मळमळ थांबते म्हणून खातात, काही भूक मारायला. डबा दुपारी दोनला, कामावर सकाळी सातला.
आणि ही अट लागणार फक्त गरिबाला. सिव्हिल लाईन्सच्या लग्नात हातात वाईनचा ग्लास घेतलेल्या पोटुशीचं काय थांबवणार? गरोदरपणात दारूचा सुरक्षित असा एक घोटही नाही, पण तिला मातृवंदना लागतच नाही.

वाठोड्याची_आशाताई
अजून एक. छत्तीसगडच्या बाया बांधकामावर आहेत, त्या गुडाखू, म्हणजे तंबाखूची पेस्ट, दाताला घासतात. तंबाखू खाता का विचारलं तर नाही म्हणतात, खोटं नाही बोलत, त्यांच्या लेखी ते मंजन आहे. म्हणून मी "दात कशानं घासता" असं विचारते. अन् गोंदिया-भंडाऱ्याकडे पोटुशी बाया दिवसभर बिड्या वळतात, एक झुरका न ओढता तंबाखूची धूळ नाकातोंडात. त्यांचे पण पैसे कापता का?

तुमची_वहिनी
सगळे बाईवरच बोलून राहिले. पन्नी आणते कोण? आमच्या वस्तीत संध्याकाळी नवरा आणते, अर्धी त्याची अर्धी हिची, तिनं नाही म्हटलं तरी समोर बसून चघळते. एका घरात एकानं सोडायचं अन् एकानं खायचं हे जमते का कधी?
अन् भाऊ, गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, सुगंधित तंबाखू-सुपारी पण बंद केली. मग तुमच्या शेजारच्या ठेल्यावर काय काय लटकून राहिलं ते तुम्ही रोज पाहता. तिथं कधी काही बोलले का?

मेडिकलवाला_नागपूर
वहिनी, तो शेजारी आहे. सकाळ-संध्याकाळ तोंड पाहायचं असते. त्याचं पण पोट आहे.

तुमची_वहिनी
म्हणजे ठेलेवाल्याले भेता म्हणून पोटुशीचे ५००० कापायचे. समजलं.

पोट्टा_महालचा
😂😂 वहिनी रॉक्स. (आजीला विचारलं. अकरा झाले होते म्हणे.)

धरमपेठकर
विषय भरकटतोय. ठेल्याचा दोष आहेच, पण बाळाचं नुकसान कोण भरणार? काहीतरी अट हवीच, पैशाची नको तर समुपदेशनाची लावा, दोन वेळा बसल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

वाठोड्याची_आशाताई
समुपदेशन चालेल दादा, पण अट म्हणून नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सगळ्या पोटुशींची मोफत तपासणी असते, त्या दिवशी नवऱ्यालाही बोलवा, दोघांना एकत्र बसवा. फोनवर बोलायचं असेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे. मी बायांच्या कार्डामागं लिहून देते. काही लावतात, काही नाही लावत.

अजनीवाला
मेडिकलवाले भाऊ, ठेल्याजवळ शाळा आहे का? शंभर यार्डाच्या आत तंबाखू विकता येत नाही, २००३ चा कायदा आहे. तक्रार मी लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा.

मेडिकलवाला_नागपूर
शाळा आहे मागच्या गल्लीत. पण सहीचं नका सांगू भाऊ, माझ्या शटरचं कुलूप त्याच्यासमोरच आहे. दुसऱ्या कुणाची घ्या, मोजायला टेप मी देतो.