उघड्यावरच्या संग्रहातील स्वयंसेवा

उघड्यावर ठेवलेल्या शिल्पांच्या संग्रहात पावसाळ्यानंतर देखभाल वाढते आणि स्वयंसेवकाचे काम ‘हात लावू नका’ एवढे सांगण्यापुरतेच उरते, असे एक मत आहे. त्यातला स्वयंसेवकाविषयीचा भाग मला पटत नाही. मुंबईत राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातील दगडी हत्तीपाशी मी काही रविवार शाळकरी मुलांना माहिती सांगितली आहे. पाटी वाचून पुढे निघालेली मुले हत्तीच्या अंगावरचे सांधे दाखवले की थबकतात. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले तो हाच हत्ती, आणि १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो कोसळून फुटला, त्याचे तुकडे पुढे १९१४ मध्ये जोडले गेले, ही हकीकत त्या सांध्यांवर बोट ठेवूनच सांगावी लागते.

पावसाळ्यानंतर अशा शिल्पांची देखभाल वाढते, हे मात्र अगदी खरे. तरीही शेवाळ दिसले म्हणून स्वयंसेवकाने तारेचा ब्रश हाती घेऊ नये. दगडाचा पृष्ठभाग एकदा खरवडला गेला की छिन्नीची मूळ खूण परत येत नाही. दर वेळी ठरलेल्या जागेवरून छायाचित्र काढावे आणि नवी भेग किंवा ओल आढळल्यास तारखेसह संवर्धकांना कळवावी.