मदत हवी आहे : मटण सोडलंय, पण घरचं कसं जमवू?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरच्या महाल भागातले, दर रविवारी घरी सावजी मटण ठरलेलं. श्रावणात बाजाराच्या रस्त्यावर माझ्यासमोर एक स्कूटर होती, दोन्ही बाजूंना कोंबड्या पाय बांधून उलट्या टांगलेल्या. सिग्नलला थांबलो तेव्हा एक कोंबडी मान वर करून माझ्याकडे बघत होती. तेव्हापासून घास उतरत नाही. अंडीही सोडली.

श्रावणभर कोणी काही बोललं नाही. पोळ्याच्या करीला (दुसऱ्या दिवशी) मात्र मटणाचं ताट सरकवलं, तर सासूबाई म्हणाल्या, "काहून वो, तब्येत बरी नाही काय?" खरं कारण सांगितलं, तर त्यांना वाटलं मी त्यांच्या हातच्या जेवणाला नाव ठेवतेय. ते फार लागलं मला.

त्यांचं मन न दुखवता हे कसं सांगू? पाटवडी रस्सा होतोच, पण तोच सावजी मसाला आणखी कशात चांगला उतरतो? आणि बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, मी दूध-ताक घेते. तेवढं पुरतं का, की गोळी लागतेच? बरीच वर्षं सोडलेल्यांनी स्वतःचा अनुभव सांगा, प्लीज.