बिलिरुबिन १.९ आलंय, कावीळ आहे का?

वहिनी: वन्सं, ह्यांचा रिपोर्ट आत्ताच आला. सगळी पानं इथेच ग्रुपवर टाकलीत. बिलिरुबिन १.९ आलंय आणि ठळक अक्षरांत छापलंय. कावीळ आहे का? माझा जीव थाऱ्यावर नाही.

काका: बिलिरुबिन वाढलं म्हणजे कावीळच. अंगावर काढू नका, आजच दाखवून या.

दादा: मला काहीही होत नाहीये. उगाच सगळ्यांना घाबरवू नका.

मी: वहिनी, आधी एवढं सांगा. लघवी गडद तपकिरी होतेय का? शौचाचा रंग फिकट, मातीसारखा झालाय का? ताप, उलट्या, अंगाला खाज, पोट फुगणं?

वहिनी: नाही हो, यातलं काहीच नाही.

मी: मग आज धावपळ नको. यातलं काही असतं किंवा बोलण्यात गोंधळ असता, तर मी रिपोर्ट वाचत बसले नसते, थेट दवाखान्यात जायला सांगितलं असतं. दादा, रक्त देण्याआधी किती तास उपाशी होतास?

दादा: रात्री लवकर जेवलो आणि सकाळी लॅबमध्ये रांग होती. सोळा तास तरी झाले असतील.

मी: वाटलंच मला. आता पहिल्या पानावर बिलिरुबिनच्या खालच्या दोन ओळी बघा. डायरेक्ट ०.३ आणि इनडायरेक्ट १.६. बिलिरुबिन म्हणजे पिवळं रंगद्रव्य. जुन्या लाल पेशी मोडल्या की त्यातून ते तयार होतं, ते इनडायरेक्ट. यकृत त्यावर प्रक्रिया करून पित्तातून बाहेर टाकण्याजोगं करतं, ते डायरेक्ट. यकृताला सूज असती किंवा पित्ताची वाट अडली असती, तर डायरेक्टसुद्धा वाढलं असतं. दादाचं फक्त इनडायरेक्ट वाढलंय, हिमोग्लोबिन चांगलं आहे आणि पित्ताची वाट अडली की वाढणारं अल्कलाइन फॉस्फटेज ८४ म्हणजे नॉर्मल आहे. काही लोकांत ही प्रक्रिया करणारं एन्झाइम जन्मापासूनच थोडं कमी असतं. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. उपास, जागरण, ताप, दगदग झाली की आकडा चढतो, सहसा तीनच्या आत राहतो आणि आपोआप उतरतो. त्याने यकृत खराब होत नाही, औषधही लागत नाही. लाल पेशी जास्त मोडत नाहीत ना, एवढं बघायला डॉक्टर रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे नव्या लाल पेशींची मोजणी, करायला सांगतील, तो करून टाक. जुने रिपोर्ट आहेत का?

दादा: शोधतो.

काका: बाळ, पण कागदावर ठळक छापलंय ते उगाच का?

मी: काका, मी रोज सकाळी असेच रिपोर्ट तपासून सही करते, म्हणून सांगते. मर्यादेबाहेरचा आकडा संगणक ठळक करतो, बस. ही मर्यादा बहुतेक वेळा निरोगी माणसांची रक्तं तपासून मधले ९५ टक्के धरून आखलेली असते. म्हणजे ठणठणीत माणसांपैकीही वीसात एक त्या रेषेबाहेर पडतोच. एका वेळी वीस तपासण्या केल्या की एखादी ओळ ठळक येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. आणि उलटंही होतं. रेषेच्या आतला आकडा दरवेळी चांगलाच असतो असं नाही.

दादा: सापडले. गेल्या वर्षी बिलिरुबिन १.५, त्याच्या आदल्या वर्षी १.७. कोणी काही बोललं नव्हतं.

मी: म्हणजे जुनंच आहे, बहुतेक गिल्बर्टच. वहिनी, कावीळ डोक्यातून काढा. डोळे पिवळे दिसायलाच साधारण अडीच-तीनच्या वर जावं लागतं.

आता दादा, त्याच कागदांवरचं एसजीपीटी सांग.

दादा: ३४, मग ५२, आत्ता ७८.

मी: मला काळजी या ओळीची आहे.

एसजीपीटी हे एन्झाइम यकृताच्या पेशींच्या आत असतं. पेशी दुखावल्या की ते रक्तात झिरपतं. एसजीओटी हे दुसरं एन्झाइम स्नायूंत, हृदयात, लाल पेशींतही असतं, त्यामुळे आदल्या दिवशी जोरदार व्यायाम केला किंवा नमुना काढताना लाल पेशी फुटल्या, तरी ते वाढतं. तुझं एसजीओटी ४६ आहे, एसजीपीटीपेक्षा कमी. चरबीमुळे दुखावलेल्या यकृतात सुरुवातीला हेच दिसतं. दारूने बिघडलेल्या यकृतात सहसा उलटं असतं, एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीच्या पुढे.

आणि गेल्या वर्षीचं ५२ 'नॉर्मल' कसं ठरलं, तर त्या लॅबची वरची मर्यादा ५६ होती. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीने २०१७ मध्ये निरोगी पुरुषांसाठी वरची मर्यादा २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ सांगितली आहे. त्या हिशेबाने दादा गेल्या वर्षीच रेषेबाहेर होता. कागदावर मात्र काहीच ठळक झालं नाही.

पुतण्या: आत्या, म्हणजे बाबांचं यकृत नीट काम करत नाहीये का?

मी: नाही रे. लिव्हर फंक्शन टेस्ट हे नावच फसवं आहे. एसजीपीटी, एसजीओटी काम दाखवत नाहीत, इजा दाखवतात. काम बघायचं तर अल्ब्युमिन म्हणजे यकृत बनवतं ते प्रथिन, रक्त गोठण्याचा वेळ म्हणजे पीटी-आयएनआर आणि बिलिरुबिन. बाबांचं अल्ब्युमिन ४.४ आहे, उत्तम. सिरोसिस झालेल्या, म्हणजे यकृत कडक होऊन आकसलेल्या माणसाचं एसजीपीटी अगदी नॉर्मल असू शकतं, म्हणून एकट्या त्या आकड्यावर निश्चिंत व्हायचं नाही आणि हातपायही गाळायचे नाहीत.

यकृतात व्रण, म्हणजे इजा भरून येताना उरणारे कडक चट्टे, पडलेत का याचा अंदाज घ्यायला एक साधं गणित आहे, फिब-४. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. प्लेटलेट हजारांत धरायच्या. दादा ५२ वर्षांचा, प्लेटलेट २४० हजार, उत्तर १.१३ येतं. १.३ च्या खाली असलं की जास्त व्रण असण्याची शक्यता कमी. हे वाचून मला स्वतःला खूप हायसं वाटलं.

वहिनी: कोलेस्टेरॉल २२८ आलंय. ते वेगळ्या डॉक्टरांना दाखवायचं का?

मी: वहिनी, दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. कोलेस्टेरॉल शरीर बहुतांशी स्वतःच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. रक्तातलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल उचलून परत घेतं तेही मुख्यतः यकृतच. ते उचलणारे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. त्यामुळे यकृताचं पान आणि कोलेस्टेरॉलचं पान ही एकाच गोष्टीची दोन पानं आहेत.

२२८ वर अडकू नका, त्यात चांगलं-वाईट सगळं एकत्र असतं. ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी २६० (१५० च्या आत हवे) आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३८ (पुरुषांत ४० च्या वर हवं). ही जोडी आणि सोबत चढतं एसजीपीटी म्हणजे पोटाभोवतीची चरबी, वाढू पाहणारी साखर आणि फॅटी लिव्हर यांचा एकत्र कारभार. एलडीएल १३८ लिहिलंय, पण ते मोजलेलं नाही, गणिताने काढलेलं आहे. २२८ वजा ३८ वजा ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग ५२. फ्रीडवाल्डचं हे सूत्र १९७२ पासून चालत आलंय. ट्रायग्लिसराइड्स वाढले की ते डळमळतं आणि ४०० च्या पुढे वापरतच नाहीत. म्हणून दादासाठी मी नॉन-एचडीएल बघते, २२८ वजा ३८ म्हणजे १९०. धमनीत साचू शकणारं सगळं त्यात येतं. हा आकडा जास्त आहे.

काका: कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं म्हणतात. फॅटी लिव्हर असेल तर घेऊच नयेत.

मी: काका, ही भीती फार पसरलेली आहे, त्यामुळे गोळी गरजेची असलेली माणसं ती सोडून देतात. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची ही गोळी, यकृतातलं कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं, मग यकृत जास्त रिसेप्टर काढून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. काही जणांत एसजीपीटी थोडं वाढतं आणि बहुतेकदा स्थिरावतं. मर्यादेच्या तिपटीच्या वर जाऊन तिथेच राहिलं, तर डॉक्टर औषधाचा फेरविचार करतात. गंभीर इजा इतकी विरळ आहे की अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये दर काही महिन्यांनी यकृताची तपासणी करायची अट काढून टाकली. फॅटी लिव्हर असलं म्हणून स्टॅटिन वर्ज्य नाही. दादाला गोळी लागेल की नाही हे त्याचे डॉक्टर वय, रक्तदाब, साखर आणि घरचा इतिहास बघून ठरवतील.

आणि घरचा इतिहास आपल्याला माहीत आहे.

बाबा ५३व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. त्यानंतर कपाटातली त्यांची निळी फाइल मी उघडली. चार वर्षांचे चार रिपोर्ट, घड्या अजून कडक. एसजीपीटी ४४, ५७, ६३, ७१. ट्रायग्लिसराइड्स चारही वेळा दोनशेच्या वर. चौथ्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्यांनीच लिहिलं होतं, 'ठीक आहे'. ते चार कागद शेजारी ठेवून कोणीच बघितले नव्हते. मी तेव्हा पॅथॉलॉजीच्या एमडीच्या दुसऱ्या वर्षाला होते, लोकांचे रिपोर्ट वाचत होते. मीही बघितले नव्हते.

दादा: हे तू कधी सांगितलं नाहीस.

मी: आज सांगितलं.

दादा: काय करायचं सांग. सगळं करतो.

मी: या आठवड्यात तुझ्या डॉक्टरांची वेळ घे आणि तिन्ही वर्षांचे कागद ने. पोटाची सोनोग्राफी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी आणि थायरॉइड यांबद्दल विचार. थायरॉइड मंद असेल तरी कोलेस्टेरॉल वाढतं. लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच धमनीत साचणारा एक कण, आयुष्यात एकदा तपासायला सांग. ते आनुवंशिक असतं आणि बाबा ५५ च्या आत गेलेत, म्हणून मला ते हवंच आहे. दारू बंद, थोडीसुद्धा नको. आणि वजन. तू ८८ किलोचा आहेस. पाच टक्के म्हणजे साडेचार किलो उतरले तरी यकृतातली चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी सूजही उतरते. घाईने नको, महिन्याला एक-दीड किलो पुरे.

पुतण्या: बाबा जिममधल्या कोणीतरी दिलेल्या ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतात. चालतील?

मी: कधीपासून?

दादा: दोन-तीन महिने झाले. नैसर्गिक आहेत म्हणाला.

मी: आजपासून बंद. या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. पाकीट फेकू नकोस, डॉक्टरांना दाखव. एसजीपीटी ५२ वरून ७८ वर जाण्यात याचाही हात असू शकतो. बरं झालं रे, तू विचारलंस.

वहिनी: मीच दिवसाला दोन मोजून देत होते. माझा रिपोर्टही आला आहे वन्सं, पण त्यात एकही ओळ ठळक नाही, म्हणून टाकला नव्हता.

मी: टाका. गेल्या वर्षीचाही टाका.