मदत हवी आहे: माळावरच्या खोकडाला लूत लागलीय, औषध द्यावं का?

माळकरी

नमस्कार मंडळी. पुरंदर तालुक्यात आमच्या शेताला लागून गवताळ माळ आहे. तिथे खोकडाची एक जोडी तीन वर्षं एकाच बिळात राहतेय. संध्याकाळी गुरं घेऊन परतताना रोज दिसतात, त्यामुळे घरचीच वाटतात.

गेल्या महिन्यापासून मादीची अवस्था बघवत नाही. आधी कानांच्या कडा आणि कोपरं उघडी पडली, मग मांड्या. झुबकेदार, काळ्या टोकाची शेपटी आता सुंभासारखी दिसते. कातडी जाड, राखाडी, भेगाळलेली. काल भर दुपारी बांधावर बसून एकसारखं अंग खाजवत होती. मी वीस पावलांवर गेलो तरी उठली नाही. एरवी माणसाची चाहूल लागली की पसार होणारं जनावर! बिळात पिल्लं आहेत, त्यांचा आवाज येतो.

पलीकडच्या पोल्ट्रीच्या कचऱ्यावर जमणाऱ्या दोन कुत्र्यांची हीच गत आहे, म्हणून लूतच असावी, म्हणजे कातडीत शिरणाऱ्या बारीक किड्यांचा खाजेचा रोग. शेळ्यांना देतो ते आयव्हरमेक्टिन घरात आहे. मटणाच्या तुकड्यात घालून बिळाशी ठेवू का?

भाऊ म्हणतो, "रानातलं रानावर सोड. कमजोर जातील, दणकट उरतील, पुढची पिढी चांगली निपजेल." मला पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही. अशा किड्यांमुळे जात खरंच दणकट होते का? जाणकारांनी कृपया सांगा, दोन रात्री नीट झोप नाही.

पशुवैद्य_भोर

दादा, मटणात औषध ठेवू नका. खोकड जेमतेम दोन-तीन किलोचं, आणि तुमच्याकडचं औषध शेळीच्या वजनाच्या हिशेबाचं. तो तुकडा मुंगूस खाईल, कुत्रं खाईल की पिल्लू, हे तुमच्या हातात नाही. शिवाय एका डोसाने काम भागत नाही. लुतीच्या किड्याची मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते, ती अंडी या औषधाने मरत नाहीत. त्यातून नवे किडे बाहेर पडले की पुन्हा डोस लागतो.

ती दुपारी बाहेर का बसते ते सांगतो. केस गेले की अंगातली ऊब टिकत नाही, खाजेपायी झोप नाही, रात्रीची शिकार होत नाही. उपाशी जनावर मग उजेडातही अन्न शोधतं.

१९२६ वर वनविभागाला फोन करा. वन्यप्राणी परस्पर पकडणं किंवा त्याला औषध देणं कायद्यात बसत नाही. फोटो काढून ठेवा, तारखेसकट. हात लावू नका, माणसालाही काही दिवस खाज सुटते. आणि आधी त्या कुत्र्यांचा इलाज करा, मूळ तिथेच असण्याची शक्यता जास्त.

रानवाटा

भावाच्या प्रश्नाबद्दल. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण अर्धंच आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा बेटांवर सोए जातीच्या रानटी मेंढ्या आहेत. तिथली माणसं १९३० साली बेट सोडून गेली, १९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या हिर्टा बेटावर आणून सोडल्या. १९८५ पासून तिथे मेंढ्यांना कानात बिल्ला लावून जन्मापासून मरणापर्यंत नोंद ठेवतात. वाईट हिवाळ्यात निम्म्याहून जास्त मेंढ्या मरतात. उपासमार असतेच, पण पोटातले जंत ती मारक करतात. काही मेंढ्यांना जंताचं औषध दिलं, तर त्या जास्त तगल्या. जवळच्या नात्यातून जन्मलेल्यांच्या पोटात जंत जास्त निघाले आणि त्याच जास्त मेल्या. इथवर भाऊ बरोबर.

पण पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे घटक) जास्त, त्या कडक हिवाळा काढतात, पण त्यांना कोकरं कमी होतात. अंगाची ताकद एकीकडे लावली की दुसरीकडे कमी पडते. म्हणून दोन्ही तऱ्हेच्या मेंढ्या टिकून आहेत, सगळा कळप कधीच "दणकट" होत नाही.

आणि कमजोर गळून दणकट उरण्याची ही निवड चालायला कळप मोठा लागतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १९९४ साली लूत आली आणि दोन वर्षांत ९५ टक्क्यांहून जास्त कोल्हे गेले. तुमच्या माळावर खोकडं आहेतच किती? चार-पाच मेली तर निवड व्हायला उरणार कोण?

शिवाय लूत दरवेळी "रानातली" नसते. अमेरिकेत मोंटानामध्ये लांडगे संपवण्यासाठी १९०९ च्या सुमारास सरकारनेच लूत लावलेले लांडगे रानात सोडले होते. तुमच्याकडे ती माणसाच्या कचऱ्यावरच्या कुत्र्यांकडून आली असेल, तर "रानावर सोड" म्हणणं योग्य नाही.

माळकरी

दोघांचेही मनापासून आभार. भावाला मेंढ्यांचं वाचून दाखवलं, पूर्ण ऐकून घेतलं त्याने. १९२६ ला फोन झाला, वनरक्षक उद्या सकाळी येतायत. आज मादी बिळाच्या तोंडाशी दिसली, पिल्लं दोन, दोघांच्याही अंगावर अजून केस आहेत.

पोल्ट्रीवाले खड्डा काढून मेलेल्या कोंबड्या पुरायला तयार झालेत. आता कुत्र्यांचं बघायचंय. सासवडच्या आसपास कुणाकडे कुत्रे पकडायची जाळी आहे का? दोन दिवसांसाठी हवी आहे, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.